उष्टी ओळ कोणाची?

श्रोतेहो, न्यूयॉर्कच्या रॅप गाणाऱ्या मुलांच्या बोलीत एक शब्द आहे, ‘बाइट’. सरळ अर्थ चावा घेणे. दुसऱ्याची ओळ, दुसऱ्याची लकब, दुसऱ्याची ऐट कोणी आपली म्हणून मिरवू लागला, की ‘याने चावा घेतला’ असे म्हणतात. असे करणारा तो ‘बाइटर’. या शब्दाच्या अगदी शेजारी बसेल असा शब्द मराठीत आहे, ‘उष्टे’. दुसऱ्याच्या दातांची खूण उमटलेला घास. गंमत अशी, की उष्ट्याला आपण नाक मुरडतो आणि त्याच तोंडाने, व्यासांनी सगळे जग उष्टे करून ठेवले आहे, असेही अभिमानाने सांगतो. शबरीची बोरे तर उष्टी होती म्हणूनच गोड ठरली. म्हणजे उष्टे चांगले की वाईट, हे कोणी दिले, कोणी घेतले आणि घेणाऱ्याने ते कबूल केले की नाही, यावर ठरते.

मी मराठीत गझल लिहिणारा माणूस. मी रॅपविषयी का बोलावे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रॅप म्हणजे तालावर बोललेली, यमकांनी बांधलेली कविता. आणि १९९० ते २००० या दहा वर्षांत अमेरिकेतल्या या कवींनी जो वाद घातला, तो कवींच्या जातीतला फार जुना वाद आहे. प्रभाव कुठे संपतो आणि चोरी कुठे सुरू होते? हा प्रश्न बसरा, बगदाद, दिल्ली, पुणे, सगळीकडे विचारला गेला. फरक इतकाच, की न्यूयॉर्कमध्ये त्या प्रश्नाला कोट्यवधी डॉलर चिकटलेले होते आणि कोर्टकचेऱ्याही.

गोष्ट सुरू होते ती ११ ऑगस्ट १९७३ रोजी. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एक पार्टी झाली. तबकड्या वाजवणारा होता जमैकाहून आलेला कूल हर्क. गाण्यात एक जागा अशी येते, की बाकीची वाद्ये थांबतात आणि ड्रम एकटा वाजतो. तिला ‘ब्रेक’ म्हणतात. नाचणाऱ्यांना नेमकी तीच जागा आवडते, हे हर्कने हेरले होते. पण ब्रेक असतो काही सेकंदांचा. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. काही सेकंदांचा ताल असा मिनिटांवर नेता आला. त्या तालावर माइक हातात घेऊन बोलणारे लोक आले आणि त्यांच्या बोलण्यातून रॅप उभा राहिला.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या तालावर ही कविता उभी राहिली, तो ताल पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचा होता. तो जेम्स ब्राऊनच्या तबकडीतला होता, किंवा आणखी कोणाच्या. त्याबद्दल ब्रॉन्क्समध्ये कोणी कोणाला चोर म्हणत नव्हते. शब्द मात्र स्वतःचे हवेत, हा दंडक कडक होता. आम्हा गझलवाल्यांना हे चटकन कळते. गझलेचे वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून जे होते, त्याला आम्ही ‘जमीन’ म्हणतो. दुसऱ्याच्या जमिनीत गझल लिहिणे हा गुन्हा नाही. तरही मुशायऱ्यात तर एक ओळ आधीच वाटून दिलेली असते आणि सगळे शायर त्याच जमिनीत आपापली गझल घेऊन येतात. जमीन सामायिक, पण शेर ज्याचा त्याचा. ब्रॉन्क्सचा अलिखित कायदा नेमका हाच होता. ताल ही सामायिक जमीन, आणि वर उगवेल ते ज्याचे त्याचे.

हा कायदा पहिल्यांदा मोडला तो रॅपच्या पहिल्याच मोठ्या यशात. १९७९ साली शुगरहिल गँग या त्रिकुटाची ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी निघाली आणि ब्रॉन्क्सबाहेरच्या जगाला रॅप ठाऊक झाला. त्या त्रिकुटातला बिग बँक हँक हा न्यू जर्सीतल्या एका पिझ्झाच्या दुकानात काम करत होता. ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या ब्रॉन्क्समधल्या नामांकित रॅपरशी त्याची ओळख होती. त्याने कॅझची वही मागून घेतली आणि तिच्यातले शब्द तबकडीवर म्हटले. इतके जसेच्या तसे म्हटले, की कॅझने आपले टोपणनाव ‘कॅसानोव्हा’ एकेक अक्षर सुटे करून ज्या ओळीत गुंफले होते, ती ओळही हँकने तशीच म्हणून टाकली.

श्रोतेहो, आपल्या भाषेत बोलायचे तर ही मक्त्यासकट झालेली चोरी आहे. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपले तखल्लुस घालतो. अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा येते. शाहीर लावणीच्या शेवटच्या चरणात आपले नाव गोवतो. ही मुद्रा म्हणजे ओळीचा सातबाराच. कॅझने तो सातबारा ओळीतच लिहून ठेवला होता आणि तरीही जमीन गेली.

याच तबकडीची दुसरी बाजू पाहा. तिचा ताल ‘शीक’ या गटाच्या ‘गुड टाइम्स’ या गाण्यावरून घेतला होता. त्या गाण्याचे कर्ते नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स हे नावाजलेले व्यावसायिक संगीतकार. त्यांनी कोर्टाची भाषा केली आणि ‘रॅपर्स डिलाइट’चे सहकर्ते म्हणून त्यांची नावे लागली. म्हणजे ब्रॉन्क्सच्या रिवाजाप्रमाणे जी गोष्ट सामायिक होती, तिचे मालक कागदावर आले, आणि जी गोष्ट खाजगी होती, त्या शब्दांचा मालक बाहेर राहिला. गल्लीचा कायदा आणि कोर्टाचा कायदा एकमेकांच्या बरोबर उलटे निघाले. नव्वदच्या दशकातल्या सगळ्या वादाचे बी इथे आहे.

शब्द स्वतःचे हवेत हा दंडक इतका कडक का होता? कारण ही कविता समोरासमोरच्या झुंजीत वाढली. आठव्या शतकाच्या सुरुवातीला बसऱ्याच्या मिर्बद बाजारात जरीर आणि फरझदक हे दोन अरबी कवी एकमेकांवर निंदाकाव्याचे वार करत. रिवाज असा, की समोरच्याने ज्या वृत्तात आणि ज्या यमकात हल्ला केला, त्याच वृत्तात आणि त्याच यमकात उत्तर द्यायचे. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात सवाल-जवाब होत, त्याची जात हीच. अशा झुंजीत उसनी ओळ म्हणजे उसनी तलवार. ती तुझी नाही हे समोरच्याने ओळखले, की खेळ खलास. आणि तरीही फरझदकावर इतर कवींच्या ओळी सरळ बळकावल्याचा आरोप जुन्या अरबी ग्रंथांत आहेच. न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली कूल मो डी या जुन्या रॅपरने तरुण एल एल कूल जे याच्यावर आपली शैली उचलल्याचा जाहीर ठपका ठेवला आणि पुढे काही वर्षे ते दोघे गाण्यांतून भांडत राहिले. बाजार बदलला, भांडण तेच.

आता नव्वदच्या दशकात येऊ. तोवर ‘सॅम्पलर’ नावाचे यंत्र आले होते. जुन्या तबकडीतला हवा तो तुकडा त्यात साठवायचा, कापायचा, फिरवायचा आणि नव्या गाण्यात बसवायचा. पब्लिक एनिमी, डी ला सोल या गटांनी असे कित्येक तुकडे एकेका गाण्यात गोधडीसारखे शिवले. गोधडीत आजीच्या लुगड्याचा तुकडा असतो आणि काकाच्या सदऱ्याचाही, पण गोधडी शिवणारीचीच असते, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाला ते पटले नाही.

बिझ मार्की हा विनोदी ढंगाचा रॅपर. त्याने गिल्बर्ट ओ’सलिव्हन या गायकाच्या एका प्रसिद्ध गाण्याचा छोटा तुकडा आणि त्यातले मोजके शब्द वापरले. परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही आणि तरीही गाणे बाजारात आले. १७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात न्यायाधीश केविन डफी यांनी निकाल दिला. निकालपत्राची सुरुवातच चोरी करू नये या बायबलमधल्या आज्ञेने होती. एवढ्यावर न थांबता फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून त्यांनी प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवले. फौजदारी खटला काही झाला नाही, पण बिझ मार्कीचा अल्बम बाजारातून उचलावा लागला. १९९३ साली त्याने पुढचा अल्बम काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड’, म्हणजे सगळ्या तुकड्यांची परवानगी घेतली आहे! हरलेल्या माणसाने शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवला.

दुसरा निकाल ७ मार्च १९९४ चा, थेट सर्वोच्च न्यायालयाचा. टू लाइव्ह क्रू या गटाने रॉय ऑर्बिसनच्या ‘ओ, प्रिटी वुमन’ या गाण्याचे विडंबन केले होते. त्यांनाही परवानगी नाकारली गेली होती. पण विडंबन पैसे मिळवण्यासाठी केले असले, तरी ते रास्त वापरात बसू शकते, असे न्यायालयाने एकमताने म्हटले. घेतलेल्या गोष्टीत तुम्ही नवे काय घातले, तिचा अर्थ कसा बदलला, हा प्रश्न त्या निकालाने मध्यभागी आणला. आमच्या काव्यशास्त्राला हा प्रश्न परका नाही. नवव्या शतकातला बसऱ्याचा अल-जाहिझ याने आधीच मांडले होते, की कल्पना कोणाच्याही हाताला लागतात, कवीची कसोटी लागते ती घडणीत. अरबी-फारसी परंपरेने तर या व्यवहाराला वेगवेगळी नावेच दिली. ‘सरिका’ म्हणजे चोरी. ‘तवारुद’ म्हणजे दोन कवींना स्वतंत्रपणे एकच ओळ सुचणे. ‘तझमीन’ म्हणजे दुसऱ्याची ओळ उघडपणे आपल्या कवितेत बसवणे. तीन वेगळ्या गोष्टींना तीन शब्द. न्यूयॉर्कच्या पोरांकडे या सगळ्यासाठी एकच शब्द होता, आणि बराचसा गोंधळ त्यातून झाला.

गोंधळाचा नमुना पाहा. एप्रिल १९९४ मध्ये नाझ या वीस वर्षांच्या रॅपरचा ‘इलमॅटिक’ हा पहिला अल्बम आला. नाझ म्हटले की उर्दू शायराचे तखल्लुस वाटते, पण त्याचे खरे नाव नासिर जोन्स. अल्बमच्या वेष्टनावर त्याच्या बालपणीचा फोटो होता, मागे तो वाढला ती क्वीन्सब्रिजची वसाहत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रुकलिनच्या नोटोरियस बी.आय.जी. उर्फ बिगीचा ‘रेडी टू डाय’ आला. त्याच्या वेष्टनावरही एक लहान मूल. वू-टँग क्लॅन या गटातले रेक्वॉन आणि घोस्टफेस किला यांना हे खटकले. १९९५ साली रेक्वॉनच्या अल्बमात दोघांच्या गप्पांचा एक तुकडा घातलेला आहे. त्यात नाव न घेता त्यांनी ही वेष्टनाची नक्कल काढली आणि उचलेगिरी करणाऱ्यांना शेलक्या शिव्या घातल्या. नाव घेतले नव्हते, पण रोख कोणावर आहे हे ऐकणाऱ्यांना कळले आणि मने दुरावली.

आता तक्रार करणारे स्वतः कोण? त्यांच्या गटाचे नाव हाँगकाँगच्या कुंग-फू चित्रपटांच्या दुनियेतून आलेले. पहिल्या अल्बमच्या नावातल्या ‘छत्तीस खोल्या’ १९७८ च्या शॉ ब्रदर्सच्या चित्रपटातून आलेल्या. घोस्टफेसचे नावही अशाच एका चित्रपटातल्या खलनायकाचे. रेक्वॉनच्या त्याच अल्बमात जॉन वू यांच्या ‘द किलर’ चित्रपटातले संवाद पेरलेले आहेत. मग हे लोक ढोंगी होते का? मला तसे वाटत नाही. त्यांच्या लेखी दूरच्या देशातून, दुसऱ्या कलेतून आणलेली वस्तू ही कमाई होती. शेजारच्या गल्लीतल्या, त्याच धंद्यातल्या माणसाकडून घेतलेली वस्तू ही चोरी होती. गावाबाहेरच्या रानातली बोरे आणि शेजाऱ्याच्या परसातली बोरे यांत आपणही फरक करतोच की!

पण हा फरक फार काळ टिकत नाही, आणि त्याचा सर्वांत बोलका दाखला पुढच्याच वर्षीचा आहे. अमेरिकन नोटांवर दिवंगत राष्ट्राध्यक्षांची चित्रे असतात, म्हणून तिथल्या बोलीत नोटांना ‘मेलेले राष्ट्राध्यक्ष’ म्हणतात. हा रस्त्यावरचा शब्दप्रयोग. १९८७ साली रकीम या रॅपरने तो आपल्या गाजलेल्या ‘पेड इन फुल’ या गाण्यात वापरला. रकीम म्हणजे ज्याने ओळीच्या शेवटी येणारे यमक ओळीच्या पोटात नेऊन बसवले, ज्याच्या शाळेत पुढची सगळी पिढी शिकली, असा उस्ताद. १९९४ साली नाझने तो शब्दप्रयोग ‘द वर्ल्ड इज युअर्स’ या गाण्यातल्या एका ओळीत गुंफला. गाण्याचे ते नाव आले होते १९८३ च्या ‘स्कारफेस’ चित्रपटातून, आणि त्या चित्रपटात ते आले होते १९३२ सालच्या मूळ ‘स्कारफेस’मधून. मग १९९६ साली ब्रुकलिनच्या जे-झी याने नाझची ती ओळ, नाझच्याच ध्वनिमुद्रित आवाजात उचलून आपल्या गाण्याचे ध्रुवपद केली आणि गाण्याचे नावही ‘डेड प्रेझिडेंट्स’ ठेवले. आता सांगा, ही ओळ कोणाची? रस्त्याची, रकीमची, नाझची की जे-झीची?

पाच वर्षांनी, २००१ साली, हे दोघे उघड भांडले. जे-झीच्या ‘टेकओव्हर’ या गाण्याचा दावा असा, की ओळ नाझची खरी, पण तिचे मोठे गाणे झाले ते माझ्या हातून. डिसेंबरात नाझचे ‘ईथर’ आले. त्यात उलटा वार होता, की हा माणूस मेलेल्या बिगीच्या ओळींवर जगतो आहे. हा वार लागण्यासारखा होता. बिगी आणि जे-झी दोघे ब्रुकलिनचे, मित्र, १९९६ साली एकत्र गायलेले. ९ मार्च १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये बिगीचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर जे-झीच्या गाण्यांत बिगीच्या ओळी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. २००३ च्या ‘द ब्लॅक अल्बम’मध्ये जे-झीने त्याचे उत्तर दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की मी उचलेगिरी करत नाही, मित्राचे नाव जागते ठेवतो आहे.

मला या वादात जे-झीची बाजू अर्धी पटते. ज्या ओळी त्याने घेतल्या, त्या प्रत्येक श्रोत्याला पाठ होत्या. सगळ्यांना ठाऊक असलेली ओळ आपल्या कवितेत बसवणे ही तझमीन आहे. तिथे लपवाछपवी शक्यच नसते आणि ऐकणाऱ्याला ओळखीचा आनंदही मिळतो. पण उरलेली अर्धी बाजू अवघड आहे. आज बिगीच्या ओळी पाठ असलेली पिढी समोर आहे. उद्या जो मुलगा जे-झी आधी ऐकेल आणि बिगी नंतर, किंवा ऐकणारच नाही, त्याच्यासाठी ती ओळ जे-झीची होऊन बसेल. तझमीन ही श्रोत्यांच्या आठवणीवर जगते. आठवण पुसट झाली की तीच तझमीन सरिका होते, आणि कवीने त्यात काहीही बदल केलेला नसतो. जो मेला तो हरकत घ्यायला येत नाही. म्हणून मेलेल्याच्या ओळीजवळ त्याचे नाव सांगत राहणे ही जगणाऱ्याची जबाबदारी आहे. नाझ आणि जे-झी यांचे मात्र भांडण २००५ साली जाहीर मंचावर मिटले आणि पुढच्याच वर्षी नाझ, जे-झी प्रमुख असलेल्या कंपनीत दाखल झाला, हेही सांगितले पाहिजे.

दिलदारीने घेतल्या-दिल्याचे उदाहरणही याच काळात आहे. १९८५ साली डग ई. फ्रेश आणि स्लिक रिक यांचे ‘ला डी डा डी’ हे गाणे आले. त्यात स्लिक रिक मध्येच ‘सुकियाकी’ या गाण्यातल्या ओळी गुणगुणतो. ते गाणे मुळात १९६१ चे जपानी, क्यू साकामोतोचे, आणि १९८१ साली इंग्रजीत आलेले. १९९३ साली कॅलिफोर्नियाच्या स्नूप डॉगने ‘ला डी डा डी’ अख्खे पुन्हा गायले, आपल्या ढंगात, पण ते कोणाचे आहे हे न लपवता. त्या वेळी स्लिक रिक तुरुंगात होता. तुरुंगातल्या कवीची कविता बाहेर कोणी मोठ्याने म्हणावी, याला चोरी कोण म्हणेल? १९९७ साली बिगीच्या ‘हिप्नोटाइझ’च्या ध्रुवपदातही तीच चाल डोकावली. टोकियो ते न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा त्या सुरांचा प्रवास.

अशी एक साखळी आपल्या मुंबईपर्यंतही आली. क्वीन आणि डेव्हिड बोवी यांचे १९८१ चे ‘अंडर प्रेशर’. त्याच्या सुरुवातीचा बासचा तुकडा घेऊन १९९० साली व्हॅनिला आइसने ‘आइस आइस बेबी’ केले. आधी त्याने कानांवर हात ठेवले, मग मूळ कर्त्यांना नाव आणि पैसे द्यावे लागले. आणि १९९२ साली बाबा सेहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’ आले. लग्नाच्या वरातीपर्यंत ते वाजले आणि बऱ्याच जणांनी रॅप हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. उसन्याचे उसने होते ते. पण त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी अंधेरीच्या डिव्हाइनने आणि कुर्ल्याच्या नेझीने आपल्या गल्लीच्या बोलीत रॅप केला. २०१५ चे ‘मेरे गली में’ ऐका. तालाची जमीन अमेरिकेची असली, तरी वरचे पीक इथल्या मातीतले आहे. उसनवारीचा शेवट असा झाला, तर मूळ सावकारालाही आनंद व्हावा.

आता ज्याच्यासाठी हे सगळे सांगत आलो, त्या माणसाकडे वळतो. त्याचे नाव क्लाइड स्टबलफील्ड. तो जेम्स ब्राऊनचा ड्रमवादक. १९७० साली निघालेल्या ‘फंकी ड्रमर’ या तबकडीत त्याचा काही सेकंदांचा एकट्याचा तुकडा आहे. पब्लिक एनिमी, एल एल कूल जे यांच्यापासून पुढे हजाराहून अधिक गाण्यांत तो वापरला गेला. नव्वदच्या दशकातला रॅप ज्या तालावर चालला, त्याचा फार मोठा हिस्सा या एका माणसाच्या मनगटातून आलेला. पण तबकडीवर कर्ता म्हणून नाव जेम्स ब्राऊनचे. वादकाला वाजवल्याचा मेहनताना मिळाला, हक्क मिळाले नाहीत. कोर्टांनी सॅम्पलबद्दल पैसे द्यायला लावले, तेव्हाही ते हक्कदाराकडे गेले, स्टबलफील्डकडे नाही. २०१७ साली तो वारला. अशीच गोष्ट १९९७ ची. बिगीच्या मृत्यूनंतर पफ डॅडीने ‘आय विल बी मिसिंग यू’ हे शोकगीत काढले, ते द पोलीस या गटाच्या जुन्या गाण्यावर बेतलेले. त्यातला सगळ्यांच्या कानात बसलेला गिटारचा तुकडा वाजवला होता अँडी समर्सने. पण मूळ गाण्याचा कर्ता म्हणून नाव होते स्टिंगचे एकट्याचे, म्हणून पैसे गेले स्टिंगकडे.

श्रोतेहो, ‘चोरी करू नये’ ही आज्ञा निकालपत्रावर लिहिणे सोपे आहे. चोरी कोणाची, हे ठरवणे अवघड. कायद्याने संरक्षण दिले ते ज्याच्याकडे कागद आहे त्याला. ब्रॉन्क्सच्या वहीवाल्या कॅझकडे कागद नव्हता, मेम्फिस-सिनसिनाटीच्या स्टुडिओंत रोजावर वाजवणाऱ्या किती तरी वादकांकडे नव्हता. आणि दुसऱ्या बाजूने, गोधडी शिवणाऱ्यांचेही नुकसान झाले. डी ला सोलचा १९८९ चा पहिला अल्बम इतका तुकड्यांनी विणलेला, की परवानग्यांच्या गुंत्यात त्यांची जुनी गाणी इंटरनेटवरच्या सेवांवर वर्षानुवर्षे येऊच शकली नाहीत. ती आली मार्च २०२३ मध्ये. त्या तिघांपैकी ट्रूगॉय हा त्याच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारीत वारला. आपली गाणी नव्या मुलांच्या कानात पडलेली त्याला पाहता आली नाहीत.

म्हणून मला वाटते, कोणाची ओळ, कोणाचा ताल कानावर आला, की तीन गोष्टी विचाराव्यात. घेणाऱ्याने ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव सांगितले का? घेतलेल्यात स्वतःचे काही घातले का? आणि या व्यवहारात आधीच दुबळा असलेला माणूस आणखी रिकाम्या हातांनी घरी गेला का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगली असतील, तर त्याला प्रभाव म्हणावे, परंपरा म्हणावे, खुशाल दाद द्यावी. पण तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ आले, तर पहिल्या दोघांनी काही भागत नाही. जे-झी आणि नाझ दोघेही श्रीमंत झाले, त्यांचे भांडण ही बरोबरीच्या पैलवानांची कुस्ती होती. कॅझची वही आणि स्टबलफील्डचे मनगट यांची गोष्ट तशी नाही.

आपल्याकडेही लावण्या आहेत, ओव्या आहेत, कव्वाल्या आहेत, ज्यांचे ‘पारंपरिक’ एवढेच नाव तबकडीवर लागते. पारंपरिक म्हणजे कोणाचेच नाही, असा अर्थ आपण सोयीने करून घेतला. पण प्रत्येक ओवी पहिल्यांदा कोणत्या तरी बाईने, कोणत्या तरी जात्यावर म्हटली होती. तिचे नाव आपल्याला परत मिळणार नाही. ज्यांची नावे अजून मिळण्यासारखी आहेत, ती तरी गाण्यासोबत राहू द्यावीत.